मिलिमीटरभर जागेत

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांत काही घरांमागं अजून परडं उरलंय. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, एखादा कढीपत्ता आणि कुणी न लावताच उगवलेली एकदांडी, आंबुशी, केना. बारक्या फुला-किड्यांच्या फोटोंसाठी एवढं रान पुष्कळ झालं. केन्याचं निळं फूल मात्र सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत कोमेजतं, तिथं आळस चालत नाही. कढीपत्त्यावर पाखराची विष्ठा दिसली तर पुसू नये, आधी निरखावी. कॉमन मॉर्मन फुलपाखराची कोवळी अळी अगदी तशीच दिसते.

सगळा खेळ एका मिलिमीटरचा. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या मापाएवढा उमटवायचा म्हटलं, तर एफ ८ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. मुंगीचा डोळा धरला की पोट धूसर. मग एफ २२ करण्याचा मोह होतो. पण इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटोच मऊ पडतो. एफ ८ ते ११ वर थांबावं, किडा आडवा असेल तर कॅमेराही त्याच्या अंगाला समांतर धरावा. ऑटोफोकस बंद. फोकसची रिंग एका जागी ठेवून स्वतःच केसभर पुढं-मागं झुलायचं आणि चार-पाच फोटो सलग टिपायचे. त्यातला एक लागतो.

महागडी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स लगेच घेऊ नये, असं आमचं ठाम मत. साध्या ५० एमएम लेन्समागं १२, २० आणि ३६ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या पोकळ नळ्या) लावल्या की खऱ्या मापाच्याही पुढं जाता येतं. पैसे घालायचे तर फ्लॅशमध्ये, कारण एवढ्या जवळून प्रकाश दोन स्टॉपनं, म्हणजे पावपटीवर घटतो. उघडा फ्लॅश लेडीबर्डच्या पाठीवर पांढरा चट्टा पाडतो. त्यापुढं ट्रेसिंग पेपरचा मोठा पडदा लावावा, किड्याच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. फ्लॅशची ताकद एक अष्टमांश किंवा त्याहून कमी ठेवली की लखलखाट इतका क्षणिक होतो की हातातली थरथर फोटोत उतरत नाही.

वाऱ्यापुढं मात्र फ्लॅशही हतबल, कारण फूल फोकसच्या बाहेरच निघून जातं. शेजारी काठी रोवून देठ कपड्याच्या चिमट्यानं हलकेच अडकवावा. आपली सावली किड्यावर पडली की तो उडालाच समजा.

जून ते सप्टेंबर परडं सर्वात भरलेलं असतं, आणि लेन्सला बुरशीही तेव्हाच लागते. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला ऐकू नये, त्याची भुकटी रिंगमध्ये शिरते. हवाबंद डबा आणि ओल शोषणारी निळी सिलिका जेल बरी. ती गुलाबी झाली की तापवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको. त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असतं.