पीएसएलव्ही एक्सेलमध्ये: श्रीलंकेचा वळसा

इस्रोच्या पीएसएलव्ही-एक्सएल रॉकेटचं उड्डाण मी एक्सेलच्या शीटमध्ये गणिताने मांडतोय. मागच्या नोंदीपर्यंत हे रॉकेट आग्नेयेकडे सरळ रेषेत जात होतं. आता ते वळायला लागलंय, आणि सगळी गंमत या वळणातच आहे.

पहिल्या टप्प्याचं थोडक्यात सांगतो. उड्डाणाच्या वेळी वजन 320 टन. मध्ये घन इंधनाची एस139 मोटर (हिची केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, आपल्या वालचंदनगरलाही बनतात, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं), भोवती जोर वाढवणारे सहा छोटे बूस्टर. चार जमिनीवर पेटतात, उरलेले दोन 25व्या सेकंदाच्या सुमारास हवेत. शीटमध्ये सहाही एकदम पेटवले, तर रॉकेट दाट हवेतच जास्त वेग घेतं आणि मॅक्स-क्यू, म्हणजे रॉकेटवर येणारा हवेचा कमाल दाब, लगेच चढतो.

आता वळण. सूर्यसमकालिक कक्षेसाठी (ध्रुवांजवळून जाणारी, जिथे उपग्रह एखाद्या जागेवरून दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला जातो) श्रीहरिकोटाहून अझिमथ, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली उड्डाणाची दिशा, जवळपास 188 अंश हवी, म्हणजे दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला. पण त्या बाजूला तमिळनाडू आणि श्रीलंका. जळून गेलेले टप्पे वस्तीवर पडून चालत नाही. म्हणून 140 अंशांवर निघायचं आणि वाटेत 48 अंश वळायचं.

याची किंमत वेगांच्या त्रिकोणाने काढली. 500 किमीच्या कक्षेत सेकंदाला 7.6 किमी वेग लागतो. रॉकेट सेकंदाला 1 किमी वेगावर असताना वळवलं तर सरळ वाटेपेक्षा सेकंदाला सुमारे 370 मीटर जास्त वेग कमवावा लागतो. 2 किमीवर 840, आणि 3 किमीवर 1420 मीटर! वळायला उशीर केला की इंधनाचं कंबरडंच मोडतं. तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टिणमला नवा तळ का हवा, हे आकड्यांत बघितल्यावरच मला खऱ्या अर्थाने पटलं. तिथून दक्षिणेला थेट मोकळा समुद्र आहे.

पृथ्वीचं फिरणं या त्रिकोणात अजून धरलेलं नाही. पूर्वेकडे निघणाऱ्याला श्रीहरिकोटाच्या अक्षांशावर सेकंदाला सुमारे 450 मीटर आयते मिळतात. ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्याला तेच खोडून काढावे लागतात. पुढचं काम तेच.

दुसऱ्या टप्प्यातल्या विकास इंजिनाचा वळणाच्या वेळचा कल कुणी मॉडेल केला असेल, तर तुमची पद्धत जरूर सांगा. मी सध्या दर सेकंदाला ठरावीक अंश वळवतोय, आणि ते फारच ढोबळ आहे.