आधी फेक, मग बॅट: सॉफ्टबॉलचा संघ बांधताना

कोल्हापुरात शाळेचा मुलींचा सॉफ्टबॉल संघ बांधायचा म्हटलं की समोर येतात त्या गल्लीत क्रिकेट खेळलेल्या पोरी. नजर तयार असते, पळायची हौस असते. मोडायच्या असतात त्या सवयी. त्यात पावसाळाभर मैदानात चिखल. म्हणून मी कामाचा क्रमच ठरवून टाकलाय: पहिले दोन आठवडे बॅट पिशवीबाहेर काढायची नाही. या पातळीवरचे सामने फटक्यांपेक्षा भलतीकडे गेलेल्या फेकीने जास्त हातचे जातात.

उघडीप मिळाली की टेप धरून फक्की मारून घेतो. बेस (धावताना गाठायचे चौकोनाचे कोपरे) ते बेस १८.२९ मीटर, होमच्या (बॅटर उभी राहते तो कोपरा) मागच्या टोकापासून पिचिंग प्लेट (चेंडू टाकणारी पिचर उभी राहते ती पट्टी) १३.११ मीटर. हे मोठ्या मुलींचं अंतर. लहान गटाचं स्पर्धेच्या नियमांत पाहून घ्यावं. होम ते सेकंड बेसचा मध्य हे तिरपं अंतर २५.८६ मीटर भरलं नाही, तर चौकोन वाकडा आहे. पावलांनी आखलेल्या मैदानावर सराव केला की सामन्यात फेक तोकडी पडते.

चेंडूचा घेर ३०.५ सेंटिमीटर, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा सात-आठ सेंटिमीटर जास्त. लहान हाताची मुलगी तो तळव्यात दाबून धरते आणि मग फेक उंच जाते. बोटं शिवणीवर आडवी, गरज असेल तर तीन, आणि तळवा व चेंडू यांच्यात थोडी फट. ग्लोव्हचा खांदा लक्ष्याकडे, कोपर खांद्याच्या उंचीला, पुढचं पाऊल सरळ त्या दिशेने. हात आडवा फिरवून फेकायची क्रिकेटची सवय राहिली, तर चेंडू हवेत वळतो आणि फर्स्ट बेसवालीला बेस सोडावा लागतो.

ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा फटका, अडवताना गुडघा टेकायचा नाही. चेंडू अडेल, पण उठेपर्यंत धावणारी पोहोचलेली असेल; तिला हे १८ मीटर कापायला चार-पाच सेकंद पुरतात. पाय खांद्यांपेक्षा रुंद, ग्लोव्ह शरीराच्या पुढे आणि जमिनीला टेकलेला, दुसरा हात वर झाकणासारखा. ग्लोव्ह खालून वर आणायचा; वरून खाली आणला की चेंडू पायांतून पसार. कोसळत्या पावसात हेच व्हरांड्यात करता येतं. भिंतीपासून तीन मीटरवर उभं राहून टेनिसचा चेंडू, ग्लोव्हशिवाय, रोज पन्नास वेळा.

खरी डोकेदुखी पुढे आहे: चेंडू हातात आल्यावर टाकायचा कुठे? याचं उत्तर पिच पडायच्या, म्हणजे पिचरने बॅटरकडे चेंडू टाकायच्या, आधी ठरलेलं हवं. म्हणून प्रत्येक पिचआधी कॅचर (होममागे बसून चेंडू पकडणारी) ओरडून सांगते, किती आउट आणि फेक कुठे. फर्स्टवर धावणारी असेल तर ग्राउंडरवर तिला पुढे पळावंच लागतं, म्हणून सेकंडला फोर्स मिळतो: चेंडू हातात घेऊन नुसता बेसला पाय लागला तरी पुरे. फक्त सेकंडवर कुणी असेल, तर तिला पुढे जायची सक्ती नसते. तिथे टॅगच करावा लागतो, म्हणजे चेंडू तिच्या अंगाला लावावा लागतो. हा फरक ऐन वेळी विसरला की मुलगी चेंडू घेऊन बेसवर उभी राहते आणि अंपायर सेफ देतो. दोन आउट असतील तर शहाणपणा नको, सगळ्यात सोपा आउट घ्यायचा. तो बहुतेक वेळा फर्स्टलाच असतो. आणि इनफिल्डमधून (बेसच्या चौकोनातून) फर्स्टला फेक गेली की राइट फिल्डरने (उजवीकडच्या बाहेरच्या खेळाडूने) फर्स्टच्या मागे पळायचंच. दहा वेळा फुकट पळेल, अकराव्या वेळी दोन रन वाचवेल.

बॅटिंगमध्ये मी बंट आधी शिकवतो, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच पुढ्यात पाडणं. वरचा हात बॅटवर सरकवायचा, पण बोटं मागे लपवून. पुढे राहिली तर चेचतात. बॅटचं टोक मुठीपेक्षा किंचित वर. चेंडू खाली आला तर गुडघे वाकवायचे, बॅट खाली न्यायची नाही, नाहीतर चेंडू वर उडून झेल जातो. दोन स्ट्राइकनंतर (तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद) बंट फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला तर थेट आउट, हे तिघी-चौघी तरी विसरतातच. फटका मारल्यावर बॅट तिथेच टाकायची. हातात घेऊन पळायची खोड फार चिवट. फर्स्टवर उडी मारायची नाही, वेग न सोडता बेस ओलांडून सरळ जायचं. फर्स्टला दुहेरी बेस (पांढरा आणि नारिंगी असे दोन भाग जोडलेला) असेल तर धावणारीचा पाय नारिंगी भागावर.

चोरीच्या धावेत, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठताना, चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. आधी सुटली की आउट. स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणं, मात्र पावसाळ्यातच शिकवून घ्यावी. ओल्या गवतावर ताडपत्री, पायांत नुसते मोजे. एक पाय दुमडून दुसऱ्याखाली, भार कुल्ल्यावर, दोन्ही हात वर. हात मागे टेकला तर मनगट जातं. कोरड्या मुरमावर नवख्या मुलीला घसरायला लावणं म्हणजे मांडी सोलून घेणं.

फर्स्ट आणि थर्ड दोन्हींवर धावणाऱ्या असतील तेव्हा फर्स्टवाली मुद्दाम पळते. कॅचरने सेकंडला फेकलं की थर्डवाली होमकडे सुटते. शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्डच्या मधली खेळाडू) पुढे येऊन ती फेक मधेच पकडता येत असेल, तरच फेकायची. आमच्या कॅचरचा हात तेवढा नसेल, तर मी सेकंड बेस देऊन टाकतो: चेंडू सरळ पिचरकडे, नजर थर्डवर.