मामांकडच्या, कलाकारांच्या सह्या असलेल्या एलपी तपासल्या त्याचा अनुभव

मामा गेल्यावर मामीने त्यांचा सगळा एलपीचा साठा माझ्याकडे दिला, म्हणाली कशाची काय किंमत होते ते नीट बघून सांग, आणि त्या सह्यावाल्या तीन वेगळ्या ठेव. एक भीमसेनजींची, एक वसंतराव देशपांड्यांची आणि एक रविशंकरांची. मला रेकॉर्ड्सचं वेड आहे पण सह्यांचं हे काम नवीन होतं, म्हणून जुने संग्राहक, एक लिलावाचं काम करणारे गृहस्थ, सगळ्यांना विचारत विचारत केलं.

सही खरी का खोटी हे बघायचं म्हणलं की लोक आधी नेटवरचा फोटो शेजारी धरून अक्षराचं वळण बघतात. मला आता ठाम वाटतं की वळण सगळ्यात शेवटी बघावं. नक्कल करणाऱ्याने तेवढं एकच तर घोटून घोटून बसवलेलं असतं. कव्हरचा कागद, शाई, झीज ह्याचा विचार तो क्वचितच करतो.

भीमसेनजींच्या कव्हरला चांगलीच रिंग वेअर आहे, म्हणजे आतल्या तबकडीची कड वर उमटून त्या गोलावरची छपाई झिजलेली. सही बॉलपेनने केलेली आणि नेमकी त्या गोलावरून गेलेली. घड्याळवाल्याकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं तर झिजलेल्या पट्ट्यात छपाईबरोबर शाईपण उडालेली दिसते, पण टॉर्च अगदी आडवा धरला की पेनाच्या टोकाने पडलेली खाच तिथूनही सलग जाताना दिसते. म्हणजे सही आधी, झीज नंतर. उलटं असतं तर शाई झिजलेल्या उघड्या कागदावरच बसलेली दिसली असती. वर मामांचं नाव आणि सवाई गंधर्व महोत्सवाची तारीख, त्याच शाईत, त्याच हाताने. रेषेची सुरुवात आणि शेवट निमुळता आहे, हात थांबलेला नाही कुठे. नक्कल हळू काढतात त्यामुळे तिथे रेषा थरथरते, मधेच पेन उचललेलं कळतं, टोकं बोथट येतात. नाव घालून दिलेल्या सहीला बाजारात सहसा थोडा कमी भाव येतो, पण विश्वासाच्या दृष्टीने मला तीच जास्त आवडते, विकायला खोटी सही करणारा कशाला कोणाचं नाव घालेल.

वसंतरावांची मात्र वाईट निघाली आणि मला खरंच लागलं ते, कारण मामांनी ती एका दुकानातून सहीसाठी म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेली, सोबत छापील सर्टिफिकेटसुद्धा होतं. शाई भिंगाखाली कागदावर जाड थरासारखी बसलेली, कडेला गडद, बॉलपेनमधे ज्या बारीक पांढऱ्या रेघा सुटतात त्या कुठेच नाहीत. म्हणजे जेल पेन. जेल पेन जपानमधे बाजारात आलं १९८४ मधे, आपल्याकडे तर अजून नंतर, आणि वसंतराव गेले ३० जुलै १९८३ ला. इथे वळण बघायची गरजच उरली नाही. आणि सर्टिफिकेट कोणीही छापतं हो, त्यावर सही कोणी, कुठे, कशी तपासली हे लिहिलेलं नसेल तर तो नुसता कागद आहे.

राहिली रविशंकरांची. माँटेरे ह्या अमेरिकेतल्या संगीत फेस्टिव्हलची १९६७ ची, अमेरिकन प्रेसिंग म्हणजे तिकडेच काढलेली प्रत, कोणीतरी तिकडून येताना आणून दिलेली. सही मार्करने. आधी छापील आहे का ते पाहिलं, छापील असली तर भिंगाखाली सहसा बारीक ठिपके ठिपके दिसतात, तसं नव्हतं. शार्पी मार्कर अमेरिकेत १९६४ पासून आहे आणि रविशंकर २०१२ पर्यंत होते, त्यामुळे पेन आणि काळ ह्यावरून काहीच बाद होत नाही. हात पण सहज चाललेला आहे. पण सहज चाललेला हात त्यांचाच कशावरून? बीटल्स ह्या इंग्लिश बँडच्या कितीतरी सह्या बँडबरोबर फिरणाऱ्या नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल एव्हन्सने केलेल्या आहेत, त्यात शाई त्या काळची, कागद त्या काळचा, फक्त हात दुसऱ्याचा. अशा वेळी वळणाकडे यावंच लागतं आणि तेही एका फोटोवरून नाही, त्याच दशकातले चार-पाच खात्रीचे नमुने लागतात कारण सही वयाबरोबर बदलते. मला मिळालेले नमुने बहुतेक त्यांच्या उतारवयातले. लिलाववाल्या गृहस्थांनीही फोटोवरून मत द्यायला साफ नकार दिला, मला ते योग्यच वाटलं.

मग मामीसाठी यादी केली. आधी प्रत्येक तबकडी वाजवून बघितली, कारण नुसत्या दिसण्यावरून ग्रेड, म्हणजे तबकडी किती चांगल्या अवस्थेत आहे तो दर्जा, लावला तर हलके ओरखडे आणि सुईने खाल्लेली खाच ह्यातला फरक कळत नाही. वसंतरावांची बिनसहीची म्हणून लावली आणि कव्हरच्या आत चिठ्ठी घातली की सही खोटी आहे, म्हणजे पुढे कोणी फसायला नको. रविशंकरांच्या पुढे 'सही अनिश्चित' लिहिलं, किंमत साध्या प्रतीचीच धरली. मामांच्या जुन्या फायली अजून चाळायच्या आहेत, त्यात कार्यक्रमाचं तिकीट, फोटो किंवा आणून देणाऱ्याचं पत्र असं काही मिळालं तर ती परत तपासायला देणार आहे. भीमसेनजींची विकायची नाही असं मामीने सांगून टाकलंय.