जुनं सोलर पॅनेल उघडताना

आज एका पुनर्वापर केंद्रात जुनं सोलर पॅनेल सुटं करताना पाहिलं. अ‍ॅल्युमिनियमची चौकट पटकन निघाली. खरी झटापट पुढे! पंचवीस-तीस वर्षं पाणी आत शिरू नये म्हणून काच आणि उन्हापासून वीज करणारे सिलिकॉनचे सेल प्लास्टिकच्या थराने घट्ट चिकटवलेले असतात. तीच मजबुती आता आड येते. वजनात बहुतांश काच, सेलवरची चांदी एक टक्क्याहून कितीतरी कमी. म्हणून अनेक ठिकाणी चौकट काढून बाकीचं सरळ भरडतात. चांदी गेली, सिलिकॉनही गेलं. फार जिवाला लागलं हे. पुढे सहज उघडता येईल असं पॅनेल मुळातच बनवायला हवं ना?

पॅनेलच कशाला, एकूण ई-कचऱ्याची, म्हणजे टाकून दिलेल्या विजेच्या वस्तूंची, हीच गत. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. घरातले बंद फोन, चार्जर काढून ठेवलेत, उद्याच देऊन येते.