शेऱ्याचा रकाना

आमच्या माजी विद्यार्थी संघात मी कुठल्याच पदावर नाही. माझ्याकडे यादी आहे. अध्यक्ष, चिटणीस दर दोन वर्षांनी बदलतात, खजिनदार तर हिशेब तपासून झाला की जीव घेऊन पळतो. यादी मात्र तेरा वर्षं माझ्याच गळ्यात आहे. शाळेच्या जुन्या रजिस्टरांवरून ती हातानं उतरवली, मग एक्सेलमध्ये भरली. एक्सेलनं फोन नंबरांच्या सुरुवातीची शून्यं परस्पर गिळली, ती परत बसवण्यात दोन रविवार गेले. आडनावं बदललेल्या मुली शोधणं हा तर वेगळाच उद्योग. पण एकीचा ठाव लागला की तिच्याकडून चौघी सापडतात, आणि त्या दिवशी जेवणसुद्धा सुचत नाही.

यादीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'पत्र परत आलं.' 'दिवंगत, भावाकडून कळलं.' एका नावापुढे सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलंय, 'पत्ता, फोन कुणालाही देऊ नये. पत्रकं पाठवावीत.' तिनं कारण सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

यंदाच्या स्नेहमेळाव्याला नोंदणीच्या टेबलावर मी होते. तिच्याच बॅचचे एक गृहस्थ आले. प्रयोगशाळेला मोठी देणगी त्यांचीच. बिल्ला लावता लावता त्यांनी तिचं नाव घेतलं.

"अगं, नंबर असेल ना तुझ्याकडे? शेजारच्या बाकावर बसायची. इतक्या वर्षांनी गाठ पडेल, तुला पुण्य लागेल."

"सर, नंबर नाही देता येत. तुम्ही चिठ्ठी लिहून द्या, मी पोचवते."

ही आमची नेहमीची रीत. निरोप आम्ही पोचवायचा, उत्तर द्यायचं की नाही ते समोरच्यानं ठरवायचं. ते हसले. मी काही हलत नाही म्हटल्यावर हसू मावळलं, आणि पाच मिनिटांत अध्यक्ष आले.

"अगं, देऊन टाक ना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतातच की."

"म्हणूनच ती ग्रुपवर नाही, दादा."

"पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्त्या कुणाच्या जिवावर आहेत, माहीत आहे ना?"

माहीत होतं. देणग्यांच्या पावत्याही मीच लिहिते. तरी नाही म्हणाले. अध्यक्ष पाय आपटत गेले. मला मात्र, खोटं कशाला बोलू, स्वतःचा जरा अभिमानच वाटला.

तो दुपारपर्यंत टिकला. जेवणानंतर सह्यांचे कागद गोळा करायला पलीकडच्या टेबलावर गेले. बॅचवार याद्या, प्रत्येक नावापुढे सहीची जागा. त्या आदल्या रात्री घाईघाईत मीच छापल्या होत्या. छापताना फोनचा रकाना लपवायचा राहून गेला होता. तिचा नंबर तिथं सकाळपासून उघडा पडला होता. त्याच्या दोन ओळी वर त्या गृहस्थांची झोकदार सही होती.

टेबलावरच्या मुलाला विचारलं, "यांनी कागदाचा फोटो वगैरे काढला का रे?"

"मोबाइल होता हातात," तो म्हणाला. "पण मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात होता, ताई."

शेऱ्याचा रकाना त्या कागदावर नव्हताच. तो मी आठवणीनं वगळला होता.

संध्याकाळी स्टेजवर निरोपाचं गाणं चाललं होतं. मी मागच्या वर्गात बसून तिला फोन लावला. सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "नाव काय म्हणालात त्यांचं?" मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "यादीतून माझं नाव काढा. पत्रकंही नकोत." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यानं माणसाला आपली नोंद पुसून घेण्याचा हक्क दिलाय. तो लिहिणाऱ्यांनी हौशी संघाच्या फायली कधी पाहिल्या नसाव्यात. माझ्या लॅपटॉपवरची ओळ काढायला दहा सेकंद लागले. मग पेनड्राइव्ह आठवला. मग मागच्या खजिनदारांना वर्गणीसाठी पाठवलेली ईमेल. स्मरणिकेच्या वेळी छपाईवाल्याला दिलेली फाइल. चारही ठिकाणी तिचं नाव होतं, एका जागी जुन्या पत्त्यासह. चारही पुसली. सह्यांचा तो कागद फाडून टाकला, त्या बॅचची हजेरी आता कुणाला मोजता येणार नाही.

पाचवी प्रत चिटणिसांच्या घरच्या संगणकावर आहे. ते बाहेरगावी गेलेत, सोमवारी येतील.