दोन आंधळ्या भिंतींमधले ग्रंथालय

जुन्या इमारतींच्या मध्ये उरलेला एखादा अरुंद भूखंड सार्वजनिक ग्रंथालयासाठी मिळाला, की बहुतेक वेळा प्रथम तळमजल्याचा नकाशा काढला जातो आणि कपाटे, टेबले व जिना यांची जुळवाजुळव सुरू होते. माझ्या मते अशा ठिकाणी आधी इमारतीचा उभा छेद, म्हणजे ती वरून खाली कापल्यावर सगळे मजले एकावर एक कसे दिसतील याचे रेखाचित्र, काढावा. प्रकाश आणि वजन हे तेथले दोन खरोखर अवघड प्रश्न असतात, आणि कोणत्या मजल्यावर काय ठेवायचे हे ठरल्याखेरीज त्यांपैकी एकही सुटत नाही.

समजा, भूखंड ९ मीटर रुंद आणि २५ मीटर खोल आहे. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारती टेकलेल्या असल्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे ठेवता येतात. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड साधारणतः तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत आत पोहोचतो. ही कड जमिनीपासून ३ मीटरवर धरली, तर पुढून आणि मागून जास्तीत जास्त साडेसात-साडेसात मीटर उजळतात आणि मधली १० मीटर जागा अंधारी राहते. या पट्ट्यात जिने, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे बसवण्याचा मोह होतो. पण एवढी जागा त्यांना लागत नाही, आणि उरलेल्या भागात दिवसभर दिवे लावावे लागतात. मधोमध उघडा चौक ठेवला तरी तीन मजली इमारतीत ३ मीटर रुंदीचा चौक तळाशी विहिरीसारखा होतो. त्यापेक्षा प्रत्येक वरच्या मजल्याची कड थोडी मागे घेऊन चौक वर रुंदावत न्यावा. क्षेत्रफळ घटते म्हणून ग्रंथालयाचे विश्वस्त कुरकुरतात, परंतु उजेड नसलेले क्षेत्रफळ वाचकाच्या कामाचे नसते.

सर्वांत वरचा मजला मात्र शेजाऱ्यांच्या भिंतींवर अवलंबून नसतो, आणि वाचनकक्षाची जागा तीच. फिनलंडचे वास्तुरचनाकार अल्वार आल्टो यांच्या १९३५ मध्ये पूर्ण झालेल्या व्हीपुरी (तेव्हा फिनलंडमध्ये, आता रशियातले व्हिबोर्ग) येथील ग्रंथालयात वाचनकक्षाला छतातल्या ५७ गोल झरोक्यांतून उजेड मिळतो. झरोके इतके खोल आहेत की ऊन थेट पानावर न पडता त्यांच्या आतल्या बाजूंवरून परावर्तित होऊन खाली पसरते. ही युक्ती सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. तेथे उन्हाळ्यातही सूर्य क्षितिजापासून ५३ अंशांच्या वर चढत नाही. जेथे तो जवळजवळ डोक्यावर येतो, तेथे तसल्या झरोक्यातून ऊन सरळ टेबलावर उतरेल. उत्तर गोलार्धातल्या अशा प्रदेशांत उत्तरेकडे तोंड केलेल्या उभ्या काचा, वर पुरेसे छज्जे देऊन, अधिक भरवशाच्या ठरतात.

आता वजन. वाचनकक्षासाठी प्रति चौरस मीटर साधारण ३ किलोन्यूटन (सुमारे ३०० किलो वजनाइतका) भार धरतात. पुस्तकांनी भरलेल्या उंच कपाटांच्या दालनासाठी तोच आकडा ७ च्या आसपास जातो, आणि रुळांवर सरकणारी कपाटे असतील तर त्याहूनही वर. उंच कपाटांना बाजूच्या आंधळ्या भिंतींलगतची जागा सर्वांत योग्य दिसते, कारण तेथे ऊन येत नाही आणि मधली जमीन मोकळी राहते. अडचण अशी, की हद्दीवरच्या खांबाचा पाया शेजाऱ्याच्या जमिनीत पसरवता येत नाही. खांब पायाच्या मध्यावर न येता कडेला येतो आणि पाया कलण्याची प्रवृत्ती निर्माण होते. मग तो स्ट्रॅप बीमने, म्हणजे दोन पायांना बांधणाऱ्या तुळईने, आतल्या खांबाच्या पायाशी जोडावा लागतो किंवा सर्व भूखंडाखाली राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा एकसंध जाड थर, घालावा लागतो. त्यातच शेजारच्या जुन्या इमारतीचा पाया उथळ असेल, तर त्याच्या पातळीखालचे खोदकाम छोट्या टप्प्यांत आणि आधार देतच करावे लागते.

म्हणून मी उंच कपाटे फक्त तळमजल्यावर ठेवण्याच्या मताचा आहे. तेथली फरशी नीट दाबलेल्या भरावावर टेकलेली असेल तर पुस्तकांचा भार खांबांवर न येता थेट जमिनीत उतरतो. अंधारा मधला पट्टा पुस्तकांना बाधत नाही आणि वृद्ध वाचकांना पुस्तक निवडण्यासाठी जिना चढावा लागत नाही. रस्त्याकडच्या उजळ भागात वृत्तपत्रे आणि मुलांचा विभाग बसतो. वरच्या मजल्यांवर कमरेइतकीच कपाटे ठेवावीत. त्याने भार कमी होतो, शिवाय एका ठिकाणी बसलेल्या कर्मचाऱ्याला सगळा मजला दिसतो. ग्रंथालयांच्या इमारतींसाठी देणग्या देणारे अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचे सचिव जेम्स बर्ट्रम यांनी १९११ मध्ये ग्रंथालयांच्या बांधकामाविषयी काढलेल्या सूचनांमध्ये, एकाच ग्रंथपालाला देखरेख करता यावी, यावर भर होता. लहान ग्रंथालयांचा मनुष्यबळाचा प्रश्न आजही तोच आहे. तीन मजल्यांची इमारत तीन माणसे मागते, ही उभ्या मांडणीची खरी किंमत. चौकातून वरखाली नजर जात असली तर ती थोडीफार कमी होते.

राहिला सभागृहाचा विषय. ते मागच्या बाजूला, तळमजल्यावर असावे आणि त्याची वाट पुस्तकांच्या दालनातून जाऊ नये. बाजूने दीड मीटरची स्वतंत्र बोळ काढली तर ग्रंथालय बंद झाल्यावरही सभा, वर्ग आणि तालमी चालू शकतात. त्या बोळीतूनच एका स्वच्छतागृहात जाता यावे. नकाशात हे राहून गेले, तर संध्याकाळच्या प्रत्येक कार्यक्रमासाठी संपूर्ण ग्रंथालय उघडे ठेवावे लागते.