एथेलला कुणी विचारलं होतं का?

रविवार, रात्र

विनयचं एक वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. "असं वेड पाहिजे माणसाला!" ब्रुकलँड्सच्या म्युझियममध्ये, जुन्या शर्यतीच्या ट्रॅकच्या त्या उंच कललेल्या काँक्रीटवर उभा राहून तो ह्यू लॉक किंगबद्दल म्हणाला. मी गप्प राहिले. आईंना वाटतं मी गप्प असले की सगळं ठीक आहे.

वेड होतंच. 1907 साल. इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी 20 मैलांच्या वर गाडी हाकायला बंदी, आणि या माणसानं वेब्रिजमधल्या स्वतःच्या जमिनीवर पावणेतीन मैलांचा ट्रॅक बांधला. खास मोटारशर्यतींसाठी बांधलेला जगातला पहिला. वेग न सोडता वळता यावं म्हणून वळणांवर जवळजवळ 30 फूट चढवलेलं काँक्रीट. खर्च दीड लाख पौंडांच्या घरात, तोही पदरचा. पैशांची ओढाताण झाली, त्याची तब्येत ढासळली, तेव्हा व्यवहार हातात घेतला एथेलनं. बायकोनं. माहेरचीही मदत घेतली.

तिला आधी कुणी विचारलं होतं का?

विनय आणि ओजस नेपियर-रेल्टनपाशीच रमले. 24 लिटरचं इंजिन आणि पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत! जॉन कॉब या शर्यतपटूनं 1935 मध्ये हीच गाडी या ट्रॅकवर ताशी 143.44 मैलांनी फिरवली, ट्रॅकचा विक्रम केला. 1939 मध्ये युद्धामुळे शर्यती थांबल्या त्या कायमच्या, त्यामुळे तो विक्रम आता कुणी मोडूच शकत नाही. सुंदर गाडी आहे, खरंच. पण मला दिसत होती ती बिलं. शेजाऱ्यांनी आवाजावरून कोर्टात खेचलं. काँक्रीट खचायचं, दर हिवाळ्यात डागडुजी. गड्यांची मजुरी कुणी चुकती केली असेल? रात्री दिव्याशी बसून बेरजा कुणी केल्या असतील? आमच्या भाजणीच्या धंद्यात त्या मीच करते: गोदामाचं भाडं, दोघा कामगारांचे पगार, मागच्या दिवाळीला परत आलेला माल... स्वाती म्हणते, तू मध्ये पडूच नकोस. मध्ये पडले नसते तर? जाऊ दे.

कुणी विचारत नाही. गृहीत धरतात. डोळे भरून आले होते, कॉन्कॉर्ड विमान बघायच्या रांगेत.

आणि मग कळलं, की 17 जून 1907 ला ट्रॅक खुला झाला तेव्हा मोटारींच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढची इटाला गाडी एथेल स्वतः चालवत होती! पुढच्या वर्षी बायकांच्या शर्यतीतही उतरली. पहिल्या महायुद्धात सरे परगण्यात रेडक्रॉसची इस्पितळं उभी केली, 'डेम' हा ब्रिटिश किताब मिळवला. म्हणजे मी दुपारभर जिची कीव करत होते, ती बाई चाक धरून बसली होती. मग ते वेड एकट्या ह्यूचं कसं?

भाजणीची पहिली पाकिटं मी भरली होती. स्वयंपाकघरात, ओजस झोपल्यावर, कुणी न सांगता. लेबलवरचं नावही माझंच. तेव्हा मला कुणी विचारायची गरज नव्हती, मीच पुढे होते. हे विनयला आठवतं का, ठाऊक नाही. मला आठवतं, एवढं आज पुरे आहे.

तरी तो प्रश्न सुटला नाहीये. चाक हातात असलं म्हणून काय झालं, विचारायला तर हवंच ना.

उद्या बँकेचा कागद येईल. सही करीन बहुतेक. आधी विनयला समोर बसवून मार्चपर्यंतचा खर्च मांडणार, आणि पुढच्या मशीनचं त्यानं मला विचारायचं, ओजससमोर.